रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला स्पार्क प्लग कसे निवडावेत, कसे बसवावेत

तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की माझी गाडी झटके द्यायची. पाय उचलला की पुन्हा नीट चालायची. रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवून, महिनाच झाला होता. कुणी म्हणालं प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल बदला, कुणी म्हणालं पेट्रोल पंप बघा. शेवटी प्लग काढून गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट, मोजला तर ०.८ मिमी निघाला. तो ०.६५ वर आणला आणि त्याच घाटात गाडी एकही झटका न देता चढली.

कारण साधं आहे. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तेवढ्या दाबातून ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. मूळ कॉइल तेवढा जोर देऊ शकली नाही की ठिणगी चुकते, गाडी मिस मारते. म्हणून गॅप ०.०५ मिमीने कमी करत जा आणि मिसिंग थांबेल तिथे थांबा. हावरेपणाने ०.४ पर्यंत नेलात तर ठिणगी दुबळी पडते आणि सिग्नलला उभी गाडी थरथरायला लागते.

आता निवड. प्लग ठिणगी देतो, तसंच स्वतःच्या टोकाची उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, सोडतो. ती लवकर सोडणारा तो थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी जळते; ८०० च्या फार पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टन जातो. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात उष्णतेचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलट. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, आणि ७ म्हणजे २२. दुकानात हा घोळ हमखास होतो, कंपनी बदलताना तक्ता बघाच.

नुसता रिमॅप असेल तर बहुतेक वेळा मूळ प्लग किंवा एक पायरी थंड पुरतो. टर्बोच मोठा बसवला असेल तर ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला, विचारून ठरवा. आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमधून येणारी हवाही गरमच असते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याचा, धोका वाढतो. भरदुपारी पुणे रस्त्यावर गाडी ओढणाऱ्याने एक पायरी थंड घ्यावा असं माझं मत आहे. मात्र गाडी रोज शहरातच सात रस्ता ते बाळे एवढीच फिरत असेल तर थंड प्लग काजळी धरेल.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो सकाळी. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला तर आटे जातात. कॉइल काढली की आधी प्लगच्या विहिरीत हवा मारा. सोलापुरी धुरळा तिथे बोटभर साचलेला असतो आणि प्लग निघाला की थेट सिलिंडरमध्ये पडतो. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवा.

नव्या प्लगचा गॅप तारेच्या गेजने मोजा. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं नाजूक असतं, त्याला टेकू देऊन काहीही वाकवू नका. फक्त बाहेरची पट्टी हलवा. मग प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा लावा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत न्या. आटा वाकडा लागला तर नळी घसरते, हेड वाचतं. पाना हातात घ्यायचा तो प्लग पूर्ण टेकल्यावरच. ॲल्युमिनियम हेड आणि वॉशरचा प्लग असेल तर १४ मिमी आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. आट्याला ग्रीस लावू नका, घर्षण कमी होऊन प्लग जास्त आवळला जातो.

पाचशे किलोमीटरनंतर एक प्लग काढून उन्हात बघा. फिकट बदामी किंवा राखाडी रंग म्हणजे छान. कोरडी काळी काजळी असेल तर प्लग फार थंड आहे किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणाएवढे चमकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडीला बूस्ट देऊ नका, आधी ट्यूनरकडून ठिणगीचं टायमिंग आणि मिश्रण तपासून घ्या.