मानवी हक्क ही सदस्यत्वाची अट असावी का? वादविवादाची तयारी कशी करावी

मुंबईतील आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सदस्यत्वासाठी मानवी हक्कांची अट असावी का, हा विषय मिळाला, तर तयारीला बसताना प्रथम संघटना वेगवेगळ्या कराव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील चौथे कलम नव्या सदस्याकडून शांतताप्रियतेची आणि सनदेतील कर्तव्ये पाळण्याच्या तयारीची अपेक्षा करते. युरोप परिषद (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) हिच्या घटनेत मात्र मानवी हक्क मान्य करणे ही उघड अटच आहे. सोसायटीच्या नियमावलीचा दाखला देण्याचा मोह टाळावा, कारण सोसायटीच्या डोक्यावर उपनिबंधक असतो, राष्ट्रांच्या डोक्यावर तसा कोणी नाही.

अनुकूल बाजू मांडणाऱ्याने दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण बारकाईने वाचावे. तेथील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला, तेव्हा त्या सरकारने हा आपला अंतर्गत मामला असल्याचे सांगितले. तरीही आमसभेने भारताच्या बाजूने ठराव संमत केला. पुढे १९७४ साली त्या देशाच्या हकालपट्टीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला आणि अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला. आमसभेने त्या देशाच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रे आधीच अमान्य केली होती; आता तिने त्यांना कामकाजाबाहेर ठेवले. अट कागदावर असली तरी ती बजावणार कोण, हा प्रश्न प्रतिस्पर्धी येथेच विचारील. त्याचे उत्तर आधीच तयार असावे.

प्रतिकूल बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा सार्वभौमत्वाचा नाही, नागरिकांचा आहे. युरोप परिषदेने मार्च २०२२ मध्ये रशियाला काढले आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला तो देश मानवी हक्कांच्या युरोपीय करारातून बाहेर पडला. त्यानंतरच्या घटनांबद्दल रशियन सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागण्याची सोय उरली नाही. शिक्षा सरकारला झाली, पण तक्रारीची जागा पीडिताने गमावली. माझ्या मते, जेथे असे न्यायालय आहे तेथे प्रवेशाची अट कडक असावी आणि हकालपट्टी मात्र अगदी शेवटी यावी.

एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतून रशियाला निलंबित करण्याच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता, हेही लक्षात ठेवावे. परीक्षक त्याबद्दल विचारू शकतात. प्रत्युत्तराच्या वेळेसाठी लिबियाचे उदाहरण राखून ठेवावे: त्याच परिषदेतून तो देश मार्च २०११ मध्ये निलंबित झाला आणि राजवट बदलल्यावर नोव्हेंबरात परत आला, पण संयुक्त राष्ट्रांचे त्याचे सदस्यत्व या काळात कायम होते.