परदेशात चांदीकाम शिकताना : पहिलं जोडवं

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीकामाच्या शेजारी वाढले, पण हाती ब्रशच होता. चांदीला हात लावला तो न्यू जर्सीत आल्यावर. नव्याने आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं : लगेच हत्यारं विकत घेऊ नका. तासाच्या भाड्यावर जागा देणारा सामाईक स्टुडिओ शोधा. टॉर्च, गॅस, धूर ओढणारा पंखा तिथे असतो.

सुरुवात बंद जोडव्यापासून करा. ९२.५ टक्के चांदीची, १६ गेजची, म्हणजे साधारण १.३ मिलिमीटर जाडीची तार घ्या. मंद लाल होईपर्यंत तापवा, लाली गेली की पाण्यात विझवा. खोलीत उजेड कमीच हवा, नाहीतर ती लाली दिसत नाही. मऊ झालेली तार गोल वाकवा. टोकं कानशीने अशी जुळवा की मधून उजेडही येऊ नये. झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू, फट बुजवत नाही. इथे घाई करूच नका, सगळं काम या सांध्यावर उभं आहे.

सांध्याला टाकणखार (बोरॅक्स) लावा, झाळेचा बारीक तुकडा ठेवा आणि ज्योत आधी पूर्ण वळ्यावर फिरवा. झाळ तापलेल्या धातूकडे धावते. नुसता तुकडाच तापवला तर तिचा गोळा होतो. मग तापून आलेला काळेपणा काढायला वळं कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये टाका. काढायला तांब्याचा चिमटा घ्या, लोखंडी बुडवला तर चांदीवर तांबं चढतं.