मुलांकडून शाडूचा गणपती करून घेताना

अंगणातली माती फुकट मिळते म्हणून इंदुरात तिचा गणपती करायला जाऊ नका. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. बाप्पाच्या पोटाला भेगा ठरलेल्याच. वीतभर मूर्तीला २ किलो शाडू पुरतो. पाणी थोडं थोडं घालत मळा, साधारण ६०० मिली लागतं. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट झाला की ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. चतुर्थीच्या निदान दहा दिवस आधी बसा, भादव्याच्या दमट हवेत माती लवकर वाळत नाही.

आधी बैठक, मग मांडी, पोट, हात, डोकं; सोंड आणि कान शेवटी. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुरीने आडव्या-उभ्या रेघा पाडा, पातळ कालवलेली माती लावा आणि दाबा. वाळलेल्या अंगावर ओली सोंड बसवली तर ती जास्त आकसते आणि सांध्यातून सुटते. आधारासाठी मानेत जाड काडी खुपसू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, चीर तिथेच पडते. वाळवायचं सावलीत, पंखा बंद.

डोकं बसलं की प्रश्न येतोच: गणपती आपण केला, मग देवाला कोणी केलं? "असं विचारू नये" हे सगळ्यात वाईट उत्तर. त्याने शंका जात नाही, विचारणं तेवढं बंद होतं. 'कसं' विचारलं तर मातीत करून दाखवा. इंदूरच्या बडा गणपती मंदिरातली मूर्ती २५ फुटी असून पडत कशी नाही? एक गोळा अरुंद बैठकीवर, एक रुंद बैठकीवर ठेवा आणि पाट मुलालाच तिरका करू द्या. 'कोणी' आणि 'का' यांना मात्र "आपल्या घरी असं मानतात" म्हणून सांगा, आणि ठाऊक नसेल तिथे सरळ "ठाऊक नाही" म्हणा. परंपरेने मूर्ती आपण घडवतो आणि देवाला आवाहन करतो. प्राणप्रतिष्ठा म्हणूनच पूजेच्या दिवशी होते. गुरुजी दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतात तेव्हा मुलाला अगदी जवळ बसवा.

उरलेल्या मातीच्या दोन गोळ्या करा, एक खडखडीत वाळवा, दुसरी ओलसर ठेवा. दोन्ही पाण्याच्या ग्लासांत सोडा. कोरडीतून बुडबुडे सुटतात, कडा ढासळतात, थोड्या वेळात तळाशी ढीग. ओली जशीच्या तशी. कोरड्या मातीच्या छिद्रांत हवा असते, पाणी घुसून तिला बाहेर ढकलतं. ओलीत जागाच नसते. अर्धवट वाळलेली मूर्ती बादलीत तशीच का बसून राहते, ते मूल आता स्वतः सांगेल. ऑइलपेंटही पाणी आत जाऊ देत नाही, तेव्हा रंगाला गेरू आणि हळद.

"बाप्पा विरघळला?" असं रडवेल्या तोंडाने विचारलं तर क्रम आठवून द्या: उत्तरपूजा करून, 'पुनरागमनाय च' म्हणून निरोप आधीच दिला होता, बादली नंतर आली. गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. वरचं पाणी झाडांना घाला. खालची माती वाळवून, चाळून डब्यात ठेवा, पुढच्या वर्षी तीच भिजवता येते.