पॉवरलाइन अडॅप्टरचं नेट सारखं जातंय? आधी घरातला चोर शोधा

आमची बिल्डिंग दादरची, जुनी, भिंती इतक्या जाड की बाहेरच्या खोलीतलं वायफाय आतल्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकतं. म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली, एक राउटरपाशी, दुसरा माझ्या टेबलापाशी, मधलं काम घरातल्याच विजेच्या वायरी करतात. दोन महिने मस्त चाललं आणि मग रोज संध्याकाळी सातच्या आसपास मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट तोंड उघडलेला फ्रीज व्हायला लागला.

नेटवाल्याला फोन लावायच्या आधी एक करा. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर काळी कमांडची खिडकी उघडा आणि राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, सतत पिंग लावून ठेवा (पिंग म्हणजे कॉम्प्युटरने राउटरला मारलेली हाक, राउटर ओ देतो; विंडोजमध्ये शेवटी डॅश टी लिहायचं). नेट गेलं तेव्हा राउटर नीट उत्तर देत असेल तर अडॅप्टर निर्दोष, खुशाल नेटवाल्याशी भांडा. राउटरच उत्तर देत नसेल तर एकदा अडॅप्टरची नेटची केबल बदलून बघा, आणि तरीही तेच असेल तर भानगड बहुतेक अडॅप्टरमध्ये किंवा घरातल्या वायरिंगमध्ये आहे.

आता अडॅप्टर कुठे खोचलाय ते बघा. स्पाइक गार्डमध्ये असेल तर आत्ता काढा, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि अडॅप्टरचा सिग्नल त्याच वायरवरून २ मेगाहर्ट्झच्या वर पळतो, स्पाइक गार्डमध्ये फिल्टर असेल तर त्याला हा सिग्नल म्हणजे कचराच वाटतो आणि तो इमानदारीत गाळून टाकतो. प्लग एकच असेल तर अडॅप्टर भिंतीत आणि बाकीचा पसारा अडॅप्टरच्या अंगावरच्या सॉकेटमध्ये, अर्थात तसं सॉकेट असलेला अडॅप्टर असेल तर. आणि परदेशी चौकोनी पिनांचा असेल तर कन्व्हर्टर हलवून बघा. माझा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कन्व्हर्टर एवढा ढिला होता की कपाटाचं दार आपटलं तरी अडॅप्टरचा लाइट लुकलुकायचा. चरचर आवाज येत असेल किंवा गरम लागत असेल तर फेकूनच द्या, तिथे नेटपेक्षा आगीची काळजी.

एवढं करूनही सातचं दुखणं तसंच. मग खरं काम सुरू केलं, नेट कधी जातं ते कागदावर लिहायचं आणि त्या वेळी घरात काय चालू झालं ते बघायचं. आमचं सगळं घर दोनच एमसीबींवर (विजेच्या बोर्डातले आपोआप पडणारे खटके), खटका पाडून नेमका चोर सापडत नाही, त्यामुळे पिंग चालू ठेवून एकेक प्लग काढत गेलो. टीव्ही, काही नाही. फ्रीज, काही नाही. मोबाइलचे दोन चार्जर काढले तर थोडा फरक पडला. देव्हाऱ्यातली एलईडीची माळ काढली आणि पिंग एकदम सुतासारखं सरळ! आई दिवेलागणीला ती माळ लावते, आतलं स्वस्तातलं सर्किट वायरीत एवढा गोंगाट सोडतं की अडॅप्टरला एकमेकांचं ऐकूच येत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "देवाचा लाइट बंद नाही व्हायचा, तुझं डबडं हलव." डबडं नाही हलवलं, अडॅप्टरवरून काढलेला तोच स्पाइक गार्ड माळेला लावला. जो फिल्टर सिग्नल अडवतो तोच गोंगाटही अडवतो ना! साधा एक्स्टेन्शन बोर्ड मात्र इथे उपयोगाचा नाही, आत फिल्टर असलाच पाहिजे. गणपतीत मखराला माळा लावाल तेव्हाही हे लक्षात ठेवा.

घरात थ्री फेज असेल (म्हणजे वीज तीन वेगळ्या वायरींतून येत असेल) आणि दोन अडॅप्टर वेगवेगळ्या फेजवर पडले तर सिग्नल मरतुकडा होतो किंवा पोचतच नाही. इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर एक अडॅप्टर असेल तरी तोच त्रास. दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघा, फेज बदलायचं काम वायरमनचं, मीटरबॉक्समध्ये स्वतः हात घालू नका.

कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावरच नेट मिळत नसेल तर अडॅप्टरचा पॉवर सेव्हिंग मोड त्याच्या अ‍ॅपमधून बंद करा. आणि पेअरचं, म्हणजे दोन अडॅप्टरची जोडी जमवायचं, बटण कधी दाबलंच नसेल तर एकदा एकाचं दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. होमप्लग जातीच्या (हे पॉवरलाइनचं एक तंत्र) बऱ्याच अडॅप्टरचं डब्यातून येतानाचं नेटवर्कचं नाव सारखंच असतं, शेजाऱ्याकडे तसलेच असले तर गोंधळ होऊ शकतो. पेअर केलं की तुमच्या जोडीची किल्ली, म्हणजे गुप्त पासवर्ड, वेगळी होते.

खोक्यावरचा १००० चा आकडा विसरा, प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली स्पीड मिळतो, मला तेवढा पुरतो. सकाळी मिक्सर लागला की अजूनही दोन-तीन पिंग गळतात, पण चटणी वाटून होईपर्यंत मी कॅमेरा बंद ठेवतो.