रास्पबेरी पायवर ‘नो सिग्नल’? या चुका टाळा

रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) जोडला, वीज दिली आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं, की बहुतेक जण इंटरनेटवरून चार ओळी उचलतात आणि कॉन्फिग (म्हणजे सेटिंगच्या) फाईलमध्ये चिकटवतात. सगळ्यात मोठी चूक हीच. एकतर त्या ओळी बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या असतात. दुसरं म्हणजे बोर्ड मुळात बूटच (म्हणजे सुरूच) झालेला नसेल, तर डिस्प्लेच्या सेटिंगला विचारतो कोण?

म्हणून आधी एवढंच बघा: पाय चालू आहे का? लाल दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो. हिरवा दिवा अनियमित लुकलुकत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं मेमरी कार्ड वाचलं जातंय. तो ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल, पुन्हा तेच करत असेल, तर नीट मोजा. चार वेळा म्हणजे सुरुवातीची स्टार्ट फाईल सापडत नाही, सात वेळा म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सापडत नाही. दोन्हींत मॉनिटर निर्दोष आहे. कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा लिहा.

हिरवा दिवा ठीक वाटतोय पण पडदा काळाच, असं असेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याच्या सोयीने) आत शिरता येतं का बघा. आत गेलात तर अर्धं काम झालं. तिथे ‘केएमएसप्रिंट’ ही कमांड चालवली की कोणत्या पोर्टला मॉनिटर जोडलेला दिसतोय आणि किती रिझोल्यूशन चालू आहे ते कळतं. तिथे ‘डिस्कनेक्टेड’ आलं तर केबल, कनेक्टर किंवा मॉनिटरकडे वळा.

पाय ४ आणि ५ वर आणखी एक सोपी चाचणी आहे आणि ती फार कमी लोक करतात: कार्ड काढून टाका आणि वीज द्या. या दोन्हींचं बूटलोडर (बूट सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बोर्डावरच्या चिपमध्ये असतं, त्यामुळे कार्ड नसतानाही मॉनिटरवर माहितीचा पडदा येतो. तो आला, की केबल, पोर्ट आणि मॉनिटर तिघंही सुटले, दोष कार्डात. (पाय ४ च्या अगदी सुरुवातीच्या बूटलोडरमध्ये ही सोय नव्हती.) पाय ३ वर मात्र ही युक्ती चालवू नका. तिथे बूटचा पुढचा भाग कार्डावर असतो, कार्ड काढलं की पडदा काळाच राहणार आणि तुम्ही चांगला बोर्ड खराब समजून बाजूला टाकाल.

चार्जर

‘६५ वॅटचा चार्जर लावलाय, वीज कशी कमी पडेल?’ हा प्रश्न नेहमीचा. तो ६५ वॅटचा आकडा २० व्होल्टवरचा असतो. पायला ५ व्होल्ट लागतात, आणि ५ व्होल्टवर तोच चार्जर साधारण ३ ॲम्पियर देतो. पाय ४ ला तेवढं पुरतं. पाय ५ चा स्वतःचा चार्जर ५ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा आहे. ३ ॲम्पियरवर तो बूट होतो, पण यूएसबीला मिळणारा करंट कमी करतो. चार्जरपेक्षा बारीक, लांब केबल जास्त त्रास देते. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय इशारा देतो आणि पडद्यावर विजेचं चिन्ह दिसतं. पण पडदाच नसेल तर ते दिसणार कुठे? एसएसएचमधून ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर ‘०एक्स०’ सोडून काही आलं तर आधी वीजपुरवठा तपासा.

पाय ४ च्या २०१९ मधल्या पहिल्या बोर्डांमध्ये टाइप-सी पोर्टच्या रचनेतच चूक होती. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या, आत चिप असलेल्या महागड्या केबलने ते बोर्ड चालूच होत नाहीत. साधी स्वस्त केबल लावली की चालतात!

चुकीचं भोक, अर्धवट बसलेली पिन

पाय ४ आणि ५ वर दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. एकच मॉनिटर असेल तर वीज देण्याच्या पोर्टला लागून असलेलं, म्हणजे शून्य नंबरचं वापरा. पाय झीरोला मिनी एचडीएमआय लागतं. ते मायक्रोपेक्षा मोठं असतं, पण दुकानात दोन्हींची हमखास अदलाबदल होते. लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून घेणार असाल तर बोर्ड सोबत घेऊन जा. केसमध्ये बसवलेल्या पायला जाड तोंडाची केबल पूर्ण आत जात नाही, वरून मात्र बसल्यासारखी दिसते. शंका असेल तर केस काढून एकदा लावून बघा.

मॉनिटर आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा, मगच पायला वीज द्या. पाय बूट होताना मॉनिटरला त्याची माहिती विचारतो; झोपलेल्या मॉनिटरने उत्तर दिलं नाही तर काही वेळा सिग्नलच निघत नाही.

जुन्या ओळी, नवं ड्रायव्हर

आता त्या चिकटवलेल्या ओळींकडे. ‘एचडीएमआय ग्रुप’ आणि ‘एचडीएमआय मोड’ या रिझोल्यूशन ठरवणाऱ्या ओळी वर्षानुवर्षं लोकांनी वापरल्या आणि त्या खरोखर चालायच्या. पण पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२१ च्या ‘बुलसाय’ आवृत्तीपासून डिस्प्लेचा ताबा लिनक्स कर्नलच्या केएमएस ड्रायव्हरकडे गेला आणि तो या ओळी बघतही नाही. सुरुवातीला इंद्रधनुष्यी चौकोन दिसतो आणि पुढे पडदा काळा होतो, याचं एक कारण हेच: सुरुवातीचा पडदा फर्मवेअर (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) दाखवतं, नंतरचा कर्नल. (चौकोनावरच अडकून बसला तर मात्र कर्नल लोड होत नाहीये, कार्ड बदला.)

आता रिझोल्यूशन सक्तीने द्यायचं तर ते सीएमडीलाइन फाईलमध्ये लिहायचं. ‘व्हिडिओ’ या शब्दापुढे बरोबरचं चिन्ह, मग पोर्टचं नाव एचडीएमआय-ए-१, विसर्गासारखे दोन टिंब, रिझोल्यूशन १९२०एक्स१०८०, ‘ॲट’चं चिन्ह, ६० आणि शेवटी मोठ्या लिपीतला ‘डी’. मधे स्पेस नको. तो शेवटचा ‘डी’ महत्त्वाचा, कारण मॉनिटर सापडला नाही तरी सिग्नल सोड असं तो सांगतो. आणि ही अख्खी फाईल एकाच ओळीत असते. एंटर मारून नवी ओळ केलीत तर ती वाचली जाणार नाही.

२०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून कॉन्फिग आणि सीएमडीलाइन या दोन्ही फाईली बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेल्या आहेत. जुन्या जागी बदल करून ‘काहीच होत नाही’ म्हणणारे बरेच असतात. कार्ड विंडोजमध्ये घातलंत तर बूटचा भाग सरळ उघडतो, पण सोबत ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी येते. ती लिनक्सच्या भागाबद्दल असते. तिथे होकार दिलात तर कार्ड गेलं.

जुना व्हीजीए मॉनिटर

कॉलेजच्या लॅबमधले चौकोनी मॉनिटर अजून चांगले चालतात, त्यामुळे हा प्रकार सतत समोर येतो. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. नुसत्या तारांची केबल चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती पायपर्यंत पोचवतोच असं नाही, मग पाय स्वतःच्या मनाने काहीतरी पाठवतो आणि मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो. वर सांगितलेल्या सीएमडीलाइनच्या ओळीत १२८०एक्स१०२४ लिहिलं की अनेकदा काम होतं. शक्यतो वेगळ्या वीजपुरवठ्याचा कन्व्हर्टर घ्या, एचडीएमआयच्या पिनमधून येणारा करंट फार थोडा असतो.

छोटे स्क्रीन

जीपीआयओ पिनांवर (बोर्डावरच्या उघड्या पिनांवर) बसणारा साडेतीन इंची स्क्रीन पांढराशुभ्र दिसत असेल तर तो बिघडलेला नाही. मागचा दिवा लागलाय, ड्रायव्हर नाही. त्यासोबत मिळणाऱ्या जुन्या इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवू नका. त्या कॉन्फिगमध्ये बदल करतात आणि स्क्रीन काढल्यावर एचडीएमआयही अंधारात राहतं. चालवून झाली असेल तर एकेक ओळ शोधण्यापेक्षा कार्ड नव्याने लिहिणं सोपं.

पट्टीच्या केबलचा डीएसआय स्क्रीन पाय ४ वरून ५ वर नेताना केबल बदलावी लागते: पाय ४ वर १५ पिनांची, ५ वर २२ पिनांची अरुंद. ती लावताना वीज बंद ठेवा, आणि कनेक्टरची खिट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबा.