आतड्याच्या सुजेची ट्रीटमेंट चालू असताना सर्दीची गोळी कशी तपासून घ्यायची

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सची औषधं चालू हायेत अन् पडसं झालं, तं मेडिकलवर जाऊन नुसतं "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका बापा. खेड्यात स्ट्रिप कापून चार गोळ्या हातावर ठेवतात, नाहीतर कागदाच्या पुडीत तीन टाइमच्या बांधून देतात, त्यात औषधाचं नावच दिसत नाही, अन् आपल्याला तेच पायजे.

तर पहिले नाव छापलेली स्ट्रिप मागा. मागचं बारीक अक्षर वाचता नाही आलं तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा, नाहीतर घरातल्या पोरीला वाचायला लावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, यातलं एकही दिसलं की गोळी परत द्या, कारण यानं आतड्याच्या अस्तराला इजा होते अन् दबलेली सूज पुन्हा उसळू शकते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असते, हे लय लोकांना माहीत नसते. सुईचंही तसंच, तापाच्या सुईत डायक्लोफेनॅक असू शकते, म्हणून बाही वर करायच्या आधीच डॉक्टरला आपला आजार सांगा.

ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल सहसा चालते. पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ती आधीच असते, वरून वेगळी घेतली तर डबल डोस होतो, मोठ्या माणसाला 24 तासांत सगळी मिळून 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये अन् लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून बरीच कमी, किती ते डॉक्टरला विचारा. फेनिलेफ्रिन (नाक मोकळं करणारं औषध) असलेली गोळी बीपी वाढवू शकते, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनंही वाढते, दोन्ही असतील तर विचारूनच घ्या. खोकल्याच्या सिरपमध्ये कोडीन नको, आतड्याची हालचाल मंदावते अन् सूज जोरात असताना ते धोक्याचं आहे.

आता आपली नेहमीची औषधं बघा. अझाथायोप्रिन, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं चालू असतील तर प्रतिकारशक्ती कमी असते, ताप 100.4 च्या वर गेला तर सर्दीच आहे म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. स्टेरॉइड मनानं बंद करू नका. अँटिबायोटिकही मनानं नको, साध्या सर्दीला ते लागतच नाही, उलट जुलाब लागतात.

नागपूरला, सेवाग्रामला जिथं ट्रीटमेंट असेल तिथल्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा अन् गावात कोणाकडूनही औषध घेताना तो दाखवा. नवी गोळी घेतल्यावर संडासात रक्त दिसलं किंवा पोटात कळा वाढल्या, तर ती गोळी तिथंच थांबवा अन् लगेच फोन लावा.