रंध्रं भरली, तरी पॉलिशमध्ये खड्डे? गिटार बनवताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या गिटारची पाठ महोगनीची होती. पॉलिश झालं त्या दिवशी तिच्यात ट्यूबलाइट सरळ रेघेसारखी दिसायची. अडीच महिन्यांनी ती रेघ थरथरल्यासारखी दिसू लागली. पाठ खिडकीशी तिरकी धरली, तर सुईने ओरखडल्यासारखे बारीक, लांबट खड्डे दिसले. लॅकरचा, म्हणजे वरच्या पॉलिशचा, दोष नव्हता. काही रंध्रं अर्धीच भरली होती, आणि भरलेली वाळायच्या आत मी त्यावर लॅकर मारलं होतं. रंध्रं भरताना झालेली चूक त्या दिवशी कधीच दिसत नाही. ती दिसते तेव्हा तिच्यावर पॉलिशचे दहा-बारा हात बसलेले असतात.

आधी एवढं ठरवा, की भरायचं कुठे. महोगनी, शिसवी, साग, अक्रोड या लाकडांत झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कापल्या जाऊन पृष्ठभागावर उघड्या पडतात. तीच ही रंध्रं. गिटारच्या वरच्या पाटीचं स्प्रूस किंवा सीडर सूचिपर्णी झाडाचं असतं आणि त्यात अशा नळ्या नसतातच. मेपलमध्ये असतात, पण इतक्या बारीक की पॉलिशच्या पहिल्या एक-दोन हातांत बुजतात. म्हणून वरच्या पाटीला फिलर, म्हणजे रंध्रं भरायचा माल, लावू नका. तिथे भरण्यासारखं काही नसतं, उलट रंग मात्र धरतो आणि नाद देणाऱ्या पाटीवर उगाच वजन चढतं. फिंगरबोर्डही तसाच सोडतात.

लांबी (पुट्टी) म्हणजे फिलर नव्हे

हार्डवेअरच्या दुकानात ‘वुड फिलर’ मागितलं की बहुतेक वेळा खिळ्यांची भोकं बुजवायची घट्ट लांबी हातात पडते. ती रंध्रांत उतरत नाही, वरच बसते. घासलं की निघून जाते आणि रंध्रं रिकामीच राहतात. रंध्रांसाठी पातळसर, दाट ताकासारखा वाहणारा फिलर लागतो.

रंगाची चूक याहून जास्त त्रास देते. शिसवीत फिकट फिलर भरला, तर गडद लाकडावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. त्यात वर्षभर पॉलिश केलं तरी ते जात नाहीत. नियम सोपा आहे: फिलर लाकडापेक्षा एक छटा गडद ठेवा. रंध्रं नैसर्गिकपणे सावलीसारखीच दिसतात, त्यामुळे गडद फिलर डोळ्याला खटकत नाही.

आतली धूळ

२२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर रंध्रं धुळीने भरतात आणि हाताला गुळगुळीत लागतात. त्यावर फिलर लावला, तर तो धुळीवर बसतो आणि पुढे सुटतो. लाकडाच्या नसांच्या (रेषांच्या) दिशेने पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवा, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या. मास्क लावूनच. शिसवीच्या धुळीने अनेकांना अंगावर पुरळ येतो.

शिसवीचं तेल आणि रंग

आपल्या सह्याद्रीतल्या जंगलातही वाढणारं हे लाकूड जगभरच्या गिटारांच्या पाठीला वापरतात, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त रडवतंही तेच. कारणं दोन. शिसवीतली नैसर्गिक द्रव्यं तेलावर आधारलेल्या फिलरला आणि कित्येक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशना नीट वाळू देत नाहीत. आठवडा गेला तरी बोट चिकटतं. दुसरं, तिचा जांभळट-तांबडा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिटचा बोळा शिसवीवरून फिरून पांढऱ्या बाइंडिंगवर (कडेच्या पट्टीवर) किंवा स्प्रूसवर आला, की तिथे कायमचा गुलाबी डाग पडतो.

दोन्हींवर उपाय एकच, लाखेचा पातळ हात. चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ करा, आणि आधी स्प्रूस व बाइंडिंगला लावा. ती बंद झाली, की मग शिसवीला. कापड वेगळं घ्या आणि कडेकडून आत न येता मधून कडेकडे जाऊन थांबा. हात अगदी पातळ ठेवा, नाहीतर रंध्रांच्या तोंडावर लाखच बसेल आणि फिलरला आत जायला वाट उरणार नाही.

पुसण्याची दिशा आणि वेळ

तेलावर आधारलेला फिलर नसांच्या आडवा चोळून आत दाबायचा असतो. थोड्या वेळाने त्याची ओली चमक जाते आणि तो मंद दिसू लागतो. पुसायची वेळ हीच. लवकर पुसलं तर रंध्रांतून सगळा ओढून निघतो, उशीर केला तर दगड होतो. पुसताना गोणपाटाचा तुकडा घ्या आणि पुन्हा आडवाच फिरवा. मऊ सुती कापड रंध्रांत शिरून माल बाहेर काढतं. गोणपाटाचे जाड धागे वरचंच खरवडतात. एका वेळी पाठीचा अर्धाच भाग घ्या. पूर्ण पाठ एकदम घेतली, की दुसरं टोक हमखास दगड होतं.

न थांबणं

माझी चूक ही होती, आणि बहुतेकांची हीच असते. डब्यावर २४ तास लिहिलेले असतात, ते कोरड्या हवेचे. जुलैमध्ये पुण्यात तीन दिवसही पुरत नाहीत, कोकणात किंवा गोव्यात आठवडा धरा. रंध्राच्या तळाचा फिलर सगळ्यात शेवटी वाळतो. वाळताना तो आकसतो, आणि त्यावरचं लॅकर त्याच्याबरोबर खाली ओढलं जातं. मला उपयोगी पडलेली कसोटी नाकाची आहे. पाठीला नाक लावा. द्रावकाचा वास येत असेल, तर तो अजून वाळलेला नाही, कॅलेंडर काहीही म्हणो.

पाण्यावर आधारलेला फिलर तासा-दोन तासांत घासता येतो, पण तो जास्त आकसतो. एका हाताने कधीच भागत नाही, दोन-तीन लागतात. प्रत्येक हातानंतर घासून पाठ दिव्याखाली तिरकी धरा. जिथे बारीक चमकते ठिपके दिसतात, तिथे पेपर पोचलेलाच नाही, म्हणजे तो भाग अजून खोल आहे. पण त्या चमकेपायी घासत राहू नका. पाठीचं लाकूड जेमतेम अडीच मिलिमीटर असतं, बाजूचं दोनच. खोल राहिलं असेल तर पुन्हा भरा.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ, जवळजवळ आकसत नाही, म्हणून मी आता तीच वापरतो. पण पातळ, सावकाश सेट होणारी. जुन्या एटीएम कार्डाने ती दाबत ओढायची, वर थर ठेवायचा नाही. घट्ट वाटली म्हणून त्यात थिनर घालणारे पुष्कळ आहेत. मग तो उडून जाताना इपॉक्सीही आकसते, आणि ती वापरण्याचा मुद्दाच जातो. दमट हवेत सेट झालेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट पापुद्रा येतो. तो घासण्याआधी ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर पुढचा हात धरत नाही.

प्युमिस (ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड) आणि लाखेची जुनी पद्धत क्लासिकल गिटारवाल्यांची आवडती, आणि ती सुंदरच आहे. कापसाच्या पुरचुंडीवर स्पिरिट आणि चिमूटभर प्युमिस घेऊन गोल गोल फिरवत राहायचं. प्युमिस लाकडाची धूळ काढतं आणि तीच धूळ लाखेत मिसळून रंध्रांत बसते, म्हणून रंग आपोआप जुळतो. चूक होते ती प्युमिस जास्त घेण्यात. लाखेने पारदर्शक न झालेलं प्युमिस पुढे पांढरं दिसतं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते: स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि पॉलिश दुधाळ पडतं. अशा दिवशी काम थांबवा.

झालंच आहे, तर आता काय?

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर खाली बसलं असेल, तर घाई करून पुन्हा मारू नका. त्याला बसायचं तेवढं बसू द्या, महिनाभर तरी. मग सपाट घासून नवे हात द्या. नवं लॅकर जुन्यात विरघळतं, त्यामुळे जोड दिसत नाही. मोजकेच खड्डे असतील तर काडीने थेंब थेंब भरून, वाळल्यावर सपाट करा. पीयूचे थर एकमेकांत विरघळत नाहीत. मधूनच घासलं की नकाशातल्यासारख्या रेषा उमटतात, म्हणून तिथे पूर्ण थर घासून नवा हात द्यावा लागतो. पांढरे ठिपके आणि चिकट राहिलेली शिसवी यांना वरून उपाय नाही. लाकडापर्यंत काढा, लाखेने बंद करा, पुन्हा सुरू करा.

सध्या शिसवीची पाठ असलेली गिटार टेबलावर आहे. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर लाख, इपॉक्सी, लॅकर असं सगळं त्याच क्रमाने लावून, मागे पेन्सिलने तारीख घालून तो उन्हाच्या खिडकीत ठेवला आहे. आज सहावा आठवडा. पाठीला मी अजून हात लावलेला नाही.